आवतन सांगणाऱ्याचं घर

आमच्या रोहण्यात लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असते. एक घरपती. म्हणजे घरातून एकानं जेवाले यायचं, बाकीच्यायनं आपलं घरी शिजवून खायचं. दुसरं चूलबंद. लेकरू, म्हातारं, आलागेला पाव्हणा, सारे मांडवात जेवतीन अन् त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नाई. कोणी पेटवलीच तर त्याचा अर्थ एकच, की बाप्पा, तुमचं अन्न आमाले चालत नाई. लग्नघराचा एवढा अपमान कोणी करत नाई. एकमेकायचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा त्या दिवशी चूल थंडी ठेवतात.

आता सांगा, अशा दिवशी माह्याच घरातून कुकरची शिट्टी वाजली तर मी तोंड कुठं लपवू?

अच्युतभाऊ मूळचे आमच्या गावचे. वर्ध्याले हापिसात बाबू होते, बोरगाव मेघेले बंगला बांधला, पण वावर, शेती, इथंच. ते वावर आमचा माणूस पाहते, पुनाजी. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कोणाले हसू येत असन तर हसा, नाव न घेता गोष्ट कशी सांगू? भाऊच्या पोरीचं, वल्लरीचं, लग्न निघालं. पोरगी पुण्याले नोकरीले. तिलेच हौस आली, की हॉलमध्ये नाई, गावात लग्न करायचं. टाटपट्टीवर पंगत, पळसाच्या पत्रावळी अन् सारा गाव चूलबंद. लय वर्सात गावात कोणी चूलबंद सांगतलं नव्हतं. आजकाल लोक मोबाईलवर पत्रिकेचा फोटो धाडून मोकळे होतात.

भाऊनं पितळेची थाळी पुनाजीच्या हाती देल्ली, थाळीत पिवळे तांदूळ. म्हणाले, "पुनाजी, एकही घर सुटलं नाई पाहिजे." मंग काय, पुनाजी धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून गावभर फिरला. दारोदार उभा राहून चिमूटभर तांदूळ उंबरठ्यावर ठेवे अन् खड्या आवाजात म्हणे, "अच्युतभाऊच्या घरचं लगन हाय जी, चूलबंद हाय. पाव्हण्या-रावळ्यासंगं येजा." मले लय बरं वाटे. नळावर पाणी भरता भरता मी बायायले सांगत फिरली, "आमचा माणूस सांगून राह्यला बरं, आयकलं ना?" आता ते आठवलं तरी कान तापतात.

त्यात पुनाजीनं आणखी एक करून ठेवलं. आमच्या अंजूची सोयरीक पुलगावले चालू होती. पोरगा गोपाल रंगकामाचे ठेके घेते, दारूच्या वाटेले जात नाई. पोरा-पोरीचं पटलं होतं, पोराचा बाप बंडूजी राजी होता. राह्यली होती पोराची माय, मोहिनीबाई. ती बाई बोलते कमी अन् पाहते जास्त, असं आम्ही ऐकलं होतं. तिले आमचं घर पाहाचं होतं, गावात आमाले कोण इचारते ते पाहाचं होतं. तिनं हो म्हटलं तर लग्न, नाई तर नाई, असं गोपालनं साफ सांगतलं होतं. अन् आमच्या माणसानं तिले नेमकं वल्लरीच्या लग्नाच्या दिवशी बोलावलं. फोनवर म्हणे, "त्याच दिवशी या, सारा गाव एका जागी दिसन, जेवण मांडवातच."

लग्नाच्या सकाळी मी अंगण सारवलं, अंजूले चांगली साडी नेसाले सांगतलं. देवापुढं दिवा लावताना आठवण झाली. मी बाहेर येऊन पुनाजीले इचारलं, "आपल्या घरचे तांदूळ कुठं ठेवले जी? देवाजवळ ठेवते."

तो ओट्यावर बसून चप्पलचा अंगठा पाहून राह्यला होता.

"काऊन, बोलत काऊन नाई?"

"आपल्याले नाई आले," तो म्हणाला.

"नाई आले म्हणजे? तुमीच तर वाटले!"

"मी दुसऱ्यायच्या दारात वाटले. आपल्याच दारात उभं राहून आपलंच आवतन आपण कसं सांगू? त्यायच्याकडून कोणीतरी येईन म्हणून वाट पाहून राह्यलो." मंग तो अजून हळू बोलला. "बंगल्याच्या वास्तूले आपण सारे गेलतो ना? तवाबी मीच आवतन सांगतलं होतं. पानावर बसाच्या वक्ती कोणीतरी हासून म्हणलं, सांगणाऱ्यानं पयले आपलंच घर सांगतलं वाटते. तू बायायकडे होती. मी आयकलं."

त्या दिवशी हा माणूस पोट दुखते म्हणून न जेवता उठला होता. मी त्याले रस्ताभर बोलली होती, की चांगल्याचुंगल्या अन्नाले नाव ठेवता म्हणून. अन् खरं कारण मले आज समजलं.

पण कीव यायच्या आधी मले राग आला. असा आला की काय सांगू. "मंग पाव्हणे काऊन बोलावले? हे आधी सांगाले तोंड नव्हतं का? आता फोन करा अन् इचारा भाऊले."

"काय इचारू? आमाले जेवाले बोलावता का म्हणून?"

मागून घेतलेलं आवतन अन् भीक, दोन्हीत फरक काय? पुनाजी उठला, दुपट्टा झटकला. "चुलांगणावर लाकडं लागतीन, जातो मी," म्हणाला अन् गेलासुद्धा. मांडवामागच्या चुलीवर मोठमोठ्या गंजायखाली जाळ घालाले त्याच्याशिवाय कोण होतं तिथं?

मी घरात येऊन डोक्याले हात लावून बसली. पाव्हण्यायले घेऊन तशीच मांडवात जाऊ? अन् तिथं मोहिनीबाईच्या समोर कोणी तेच वाक्य बोललं तर? न जावं तर पाव्हणे उपाशी ठेवू? अन् घरी रांधावं तर साऱ्या गावाले दिसन की आवतन सांगणाऱ्याच्या घरालेच आवतन नाई. अंजूले सांगाचा जीव झाला नाई. पोट्टी आरशासमोर पदर नीट करत होती, खुशीत होती.

मंग आठवलं, गॅस हाय. गॅसले धूर नाई. मी खिडकी लावून घेतली, मागचं दार लोटलं, तुरीची डाळ उघड्या गंजात शिजत टाकली. फोडणी द्याचीच नाई असं ठरवलं, कारण फोडणीचा वास भिंतीले आयकत नाई. भाकरीसुद्धा थापली नाई, त्याचा आवाज जाते. पोळ्या लाटल्या, लाटणंही हळूहळू फिरवत. आपलीच मोरी अन् अंघोळीची चोरी, ते हेच. स्वतःच्या घरात, स्वतःचं पीठ, अन् मी चोरावानी दाराकडे पाहून राह्यली होती.

तेवढ्यात पाव्हणे आले. बंडूजी मोकळा माणूस, आल्या आल्या हसत म्हणाले, "गाव तर सारा थंडा दिसते जी, एकाही घरातून धूर नाई! आज आमचीबी मजा हाय म्हणजे." मोहिनीबाईनं पाय धुतले, चटईवर बसली, घर पाहू लागली. छपराचे कवेलू पाहिले, कोपऱ्यातलं मडकं पाहिलं, अंजूले पाहिलं. मंग तिनं नाकानं जरासा श्वास घेतला.

"स्वयंपाक करून राह्यल्या का?"

"नाई, म्हणजे, पंगतीले उशीर होते ना," मी म्हटलं. "तवर दोन घास."

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. ते पाहणं मले लय टोचलं. मी पाणी द्याले, चहा द्याले बाहेर-आत करत होती. अंजू आत गेली. तिलेबी मी पंगतीच्या उशिराचंच सांगतलं होतं. तिले वाटलं, माय दमली, डाळ काही शिजून नाई राह्यली, सासू बाहेर बसली हाय, आपण जरा हात लावावा. शहाण्या पोरीनं डाळ गंजातून काढली अन् कुकरात लावली.

शिट्टी अशी वाजली, अशी वाजली, की माह्या हातातला कप बशीत नाचला.

थंड पडलेल्या गावात ती शिट्टी कुठं कुठं गेली असन, सांगाची गरज नाई. भिंतीपलीकडून लगेच कौशल्याबाईचा आवाज आला. कौशल्याबाई आमची शेजारीण, तिले कान देवानं फुरसतीनं देल्ले. "काऊन वो सखू, तुह्या घरची शिट्टी का?"

"नाई वो बाई! पोट्टीचा मोबाईल वाजला," मी ओरडली.

अन् तेव्हाच दुसरी वाजली. पहिलीपेक्षा लांब.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, कुकरवर ओला फडका टाकला, तरी तो मेला फुसफुसतच राह्यला. अंजू घाबरून पाहून राह्यली. "काय झालं आई?" काय सांगू तिले? बाहेर येते तर कौशल्याबाई अंगणात, तिच्या मागं आणखी चार बाया. "चूलबंदाच्या दिवशी!" "अन् तेबी सांगणाऱ्याच्याच घरी!" "अई माय, लग्नघराले काय वाटन?" कौशल्याबाईच्या हातात फोन होताच. तिनं कोणाले लावला ते मी पाहिलं नाई, पण घडीभरात दारात प्रमोदिनीबाई उभी.

प्रमोदिनीबाई म्हणजे अच्युतभाऊची बायको, नवरीची माय. शालू नेसलेली, कन्यादान होईपर्यंत उपाशी, चेहरा उतरलेला. तिच्या मागं पुनाजी, कोपरापर्यंत राख. मले वाटलं ती रागावन. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडवेली होऊन म्हणाली, "सखूबाई, आमचं काही चुकलं का हो? आज माझ्या पोरीचं लग्न आहे. आमचं अन्न तुम्हाला नको झालं का?"

"तसं नाई बाई," मी म्हटलं. तोंडात आलं ते बोलून गेली. "पाव्हण्यायले पथ्य हाय. डॉक्टरनं बाहेरचं मना केलं."

"मले काही पथ्य नाई," मोहिनीबाई चटईवरून म्हणाली. आवाज चढवला नाई, काही नाई.

जमीन फाटावी अन् पोटात घ्यावं, असं बाया म्हणतात ना, ते काय असते ते मले तवा समजलं. होणाऱ्या विहिणीसमोर मी एकदा नाई, दोनदा खोटी ठरली. मंग माह्यं डोकं फिरलं. "आमाले आवतनच नाई आलं!" मी साऱ्या अंगणाले आयकू जाईन असं ओरडली. "साऱ्या गावात तांदूळ गेले, आमच्या दारात नाई आले! मंग काय उपाशी मरू?"

कौशल्याबाई फिसकन हसली. "अवो, सांगणारा तुह्याच घरात झोपते ना!" साऱ्या बाया हसल्या. बंडूजीलेसुद्धा हसू आवरलं नाई, त्यायनं तोंडावर हात ठेवला.

प्रमोदिनीबाई मागं वळली. "पुनाजी, तुम्ही स्वतःचंच घर सोडलं?"

पुनाजी राखेचे हात एकमेकायवर चोळून राह्यला होता. "माह्यं घर मी कसं सांगू, बाई?" तो म्हणाला. "तुमच्याकडून कोणी आलं नाई."

आता कोणी हसलं नाई. प्रमोदिनीबाईच्या डोळ्यायत पाणी आल्यावानी झालं. तिले खरंच सुचलं नव्हतं, हे मले दिसत होतं. खोटं काऊन बोलू? मंग ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही तर घरचेच! घरच्यांना कोणी आवतन देतं का?"

"हो ना," बाया म्हणाल्या. "घरचेच तर हाय."

या शब्दापुढं भांडता येत नाई. घरचे म्हटलं की माणसाचं तोंड बंद. आदल्या दिवशी हळदीच्या वक्ती घरच्यायचे फोटो काढले, तवा आम्ही दोघं चुलांगणाची माती थापत होतो, आमाले कोणी हाक मारली नव्हती. पण ते मी बोलली नाई. एका दिवसात किती बोलावं?

प्रमोदिनीबाईनं मांडवातून थाळी आणवली. स्वतः वाकून, शालू सावरत, माह्या उंबरठ्यावर पिवळे तांदूळ ठेवले. "चूलबंद आहे, पाहुण्यांसकट या," म्हणाली. गावातल्या कोणत्याच बाईच्या दारात नवरीची माय स्वतः आली नव्हती. मले गर्व वाटाले पाहिजे होता. मले वाटलं, मी अंगणात ओरडून ओरडून ते तांदूळ मागून घेतले, अन् विहिणीनं ते पाहिलं.

नाई म्हणाची सोय नव्हती. आम्ही गेलो. रस्त्यानं अंजू माह्यापासून चार पावलं पुढं चालली. बंडूजी एकटेच कापसाच्या भावाचं काहीतरी बोलत राह्यले.

मांडवात टाटपट्ट्या अंथरल्या होत्या. आमाले बायायच्या पंगतीले लागून, मधल्या ओळीत जागा भेटली. आम्ही चौघं एका रांगेत, बंडूजी टोकाले. पत्रावळ समोर आली, मीठ-लिंबू आलं, आलू-वांग्याची भाजी आली. मी पाण्याचा गिलास हातात घेऊन बसली होती. वाटे, सारी पंगत माह्याकडेच पाहून राह्यली.

तेवढ्यात एक सिंगारलेली बाई आमच्या समोर येऊन थांबली. प्रमोदिनीबाईची बहीण असन. "सखूबाई ना तुम्ही? ताई म्हणत होती, तुम्ही घरच्याच आहात. मग बसल्या कशा? वाढायला माणसं कमी पडताहेत. बुंदीची परात धरा ना जरा."

तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. हसूनच बोलली. अन् शरमेची गोष्ट म्हणजे, मी उठली. मनानं काही ठरवाच्या आत पायच उठले. साऱ्या जन्माची सवय त्यायले. एक गुडघा टेकला होता, हात पत्रावळीच्या पलीकडे गेला होता, तेवढ्यात माह्या मांडीवर कोणाचातरी हात पडला. जड हात, बांगड्यायचा.

"बसा, विहीणबाई," मोहिनीबाई म्हणाली.

तोवर तिनं मले एकदाही विहीणबाई म्हटलं नव्हतं. सकाळपासून नुसतं 'तुमी'. अंजूनं एकदम मान वर केली. मोहिनीबाई त्या सिंगारलेल्या बाईकडे पाहून तशाच हळू आवाजात म्हणाली, "यायले आवतन हाय. आवतनाचं माणूस पानावरून उठत नाई. बुंदी इकडे धाडजा."

ती बाई गोरीमोरी झाली, "हो हो, बसा ना," म्हणत गेली. मी खाली बसली. डोळे भरून आले ते पुसाचीही हिंमत झाली नाई, कारण पुसले की दिसते. मोहिनीबाईनं हात काढून घेतला, पोळीचा तुकडा मोडला अन् जेवू लागली. पोरीचं जमलं होतं. एवढं साजरं, एवढं चांगलं झालं, तरी मले खुशी कमी अन् लाज जास्त वाटून राह्यली. ती बाई नसती तर मी परात घेऊन फिरली असती, माह्याच पाव्हण्यायले वाढत.

मंग वरणाची बकेट घेऊन पुनाजी आला. वाकून वाकून ओळीनं वाढत येत होता, "वरण घ्या जी, वरण." राख धुतली होती, शर्टाले तशीच होती. बंडूजीले वाढलं, मोहिनीबाईले वाढलं. माह्यासमोर आला अन् त्यानं वर पाहिलंच नाई, पळी नुसती पुढं केली.

"पुनाजीभाऊ, तुमी बसले नाई?" बंडूजीनं इचारलं.

"मी घरचाच ना जी," पुनाजी म्हणाला. "मी मंग जेवन."

घराले तांदूळ भेटले, घरात हा माणूस नव्हता का? मले त्याची एवढी लाज वाटली, अन् त्याची लाज वाटते म्हणून माह्यी स्वतःची. मी पत्रावळीची कोर धरली अन् जरा जोरातच म्हटलं, "तुमी बसता का मी उठू?"

रांगेतले हात थांबले. समोरच्या रांगेचेही. अच्युतभाऊ तिथंच होते, हात जोडून पंगतीतून फिरत होते, सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या म्हणत. ते थांबले. त्यायनं पुनाजीकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं. "अरे, बस ना पुनाजी," ते म्हणाले. "तुले कोण नाई म्हटलं?"

खरंच कोणी नाई म्हटलं नव्हतं. आजवर कोणीच नाई म्हटलं नव्हतं.

अंजूनं सरकून जागा केली. पुनाजीनं बकेट दोन पत्रावळीयच्या मधात ठेवली अन् अंग चोरून बसला. मोहिनीबाईनं आपल्या हातानं एक कोरी पत्रावळ त्याच्यासमोर टाकली. अच्युतभाऊ परत हात जोडून पुढच्या पानाकडे गेले.

"वरण! अरे, इकडे वरण आणा!" पंगतीच्या त्या टोकावरून लोक ओरडू लागले. दर हाकेले पुनाजीचा गुडघा हाले. बकेट समोरच होती. मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"वरण कोण वाढन वो?" तो माह्या कानाशी म्हणाला.

"ज्यायच्या घरचं लगन हाय, ते वाढतीन," मी म्हटलं. "तुमी जेवा."

त्यानं घास घेतला. मान मात्र शेवटपर्यंत वर केली नाई. अन् खरं सांगते, माह्यीबी वर झाली नाई.